मदत हवी आहे : चित्रपट व्यवसायात राष्ट्रीय तांत्रिक मानकांना आज किती वजन आहे?

नमस्कार.

चित्रपटांच्या जतनाविषयी शिकवताना वापरण्यासाठी मी एक टिपण तयार करत आहे आणि त्यातल्या मानकांवरच्या भागापाशी काम अडले आहे. फिल्मची रुंदी, छिद्रांचे आकार, पडद्यावरचा उजेड यांची मापे कोष्टकांतून सहज मिळतात. परंतु ती पाळण्याचे बंधन कोणावर व कशामुळे येते, आणि आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध असताना एखाद्या देशाच्या मानकसंस्थेने तेच स्वतःच्या क्रमांकाने प्रसिद्ध केल्याने प्रत्यक्षात काय साधते, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

माझी समजूत अशी आहे की सुरुवातीची मानके सरकारांनी नव्हे, तर धंद्याच्या गरजेने घडवली. १९०९ साली पॅरिसमध्ये निर्मात्यांच्या परिषदेत ३५ मिलिमीटर रुंदीची आणि प्रत्येक चित्रचौकटीला प्रत्येक बाजूस चार छिद्रे असलेली फिल्म मान्य झाली. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत चित्रपट-अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, जी आज एसएमपीटीई म्हणून ओळखली जाते. रुंदीवर एकमत झाले तरी प्रश्न संपले नव्हते, हे छिद्रांकडे पाहिले की कळते. निगेटिव्हसाठी बेल अँड हॉवेल या कंपनीच्या पद्धतीचे, दोन्ही टोकांना गोलाई असलेले छिद्र रूढ झाले, कारण त्यात कॅमेऱ्याची खुंटी घट्ट बसून चित्र स्थिर राहते. पुनःपुन्हा प्रोजेक्टरमधून जाणाऱ्या प्रिंटसाठी मात्र कोडॅकचे कोपरे गोलावलेले आयताकृती छिद्र स्वीकारले गेले, कारण ते लवकर फाटत नाही. सोव्हिएत संघात निगेटिव्हलाही हेच आयताकृती छिद्र वापरले जात असे. दोन्ही छिद्रांची रुंदी सारखीच, २.७९४ मिलिमीटर, फरक उंचीत आहे, अनुक्रमे १.८५४ आणि १.९८१ मिलिमीटर. एवढ्याशा फरकामुळे एका देशाची कोरी फिल्म दुसऱ्या देशाच्या कॅमेऱ्यात नीट बसेनाशी होते.

छिद्रांमधील अंतराचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. प्रिंटसाठी हे अंतर ४.७५० मिलिमीटर, तर निगेटिव्हसाठी ४.७४० मिलिमीटर ठेवतात. छपाईयंत्रात निगेटिव्ह दातेरी चाकाला लागून आतल्या बाजूने आणि कोरी प्रिंट-फिल्म तिच्यावरून फिरते. बाहेरच्या फिल्मला किंचित मोठ्या परिघावरून जावे लागत असल्यामुळे अंतरे तंतोतंत सारखी असतील तर एक फिल्म दुसरीवर घसरते आणि चित्र अस्थिर होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा निर्णय लिहून ठेवलेला नसता, तर आज आकसलेले जुने रीळ मोजताना मूळ माप किती होते हेच सांगता आले नसते. म्हणून मला मानक हे व्यापाराच्या सोयीइतकेच पुढच्या पिढीसाठीचे वाचनसाधनही वाटते, आणि टिपणात मला हाच मुद्दा ठामपणे मांडायचा आहे.

फिल्मच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा इतिहास तुलनेने सरळ आहे. जर्मनीचे डीआयएन मानक १९३४ चे, अमेरिकेचे एएसए मानक १९४३ चे, सोव्हिएत संघाची गोस्ट श्रेणी स्वतंत्र; नंतर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने जर्मन व अमेरिकी श्रेणी एकत्र लिहिण्याची पद्धत आणली, जसे की १००/२१°. जुन्या डब्यांवरील आकडे वाचताना कोणती श्रेणी आहे हे पाहावेच लागते.

खरी अडचण पुढे आहे. मानके बहुधा ऐच्छिक असतात आणि कायद्याने अथवा कराराने त्यांचा उल्लेख केला तरच ती बंधनकारक होतात, असे मी समजतो. नायट्रेट फिल्म (सेल्युलोज नायट्रेटच्या पट्टीवरची जुनी फिल्म) अतिशय ज्वालाग्राही असल्याने ब्रिटनने १९०९ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने प्रदर्शनस्थळांना परवाना आवश्यक केला. अशा नियमांत ‘सुरक्षित फिल्म’ म्हणजे काय हे तपासता येईल असे ठरलेले असणे भाग असते, आणि ते काम आयएसओ ५४३ सारखी मानके करतात. येथे राष्ट्रीय संस्थेची गरज मला स्पष्ट दिसते. डिजिटल प्रदर्शनात मात्र परिस्थिती उलट आहे. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००२ मध्ये डीसीआय (डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज) हा संयुक्त उपक्रम सुरू केला आणि २००५ मध्ये आपले विनिर्देश प्रसिद्ध केले : जेपेग २००० या पद्धतीने चित्रांचे संक्षेपण, प्रतिसेकंद कमाल २५० मेगाबिट, पडद्याच्या मध्यभागी ४८ कँडेला प्रति चौरस मीटर उजेड. त्यानंतर एसएमपीटीई आणि आयएसओ यांच्या मानकांत या व्यवस्थेला स्थान मिळाले. म्हणजे आधी खाजगी विनिर्देश, मग व्यावसायिक संस्था, मग आंतरराष्ट्रीय मानक आणि शेवटी कुठेतरी राष्ट्रीय मानक. या क्रमात राष्ट्रीय संस्थेला मजकुरावर प्रभाव टाकायला जागा उरते का, की समितीत मत देणे आणि नंतर शिक्का उमटवणे एवढेच तिच्या हाती राहते? लहान चित्रपटव्यवसाय असलेल्या देशांच्या बाबतीत हा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो.

मानकसमित्यांत, प्रयोगशाळांत किंवा चित्रपट संग्रहालयांत काम केलेल्या सदस्यांनी पुढील बाबींवर मार्गदर्शन करावे, ही विनंती. आयएसओचे चित्रपटविषयक मानक एखाद्या देशाने जसेच्या तसे न घेता त्यात बदल करून स्वीकारल्याचे उदाहरण आपल्या पाहण्यात आहे काय, आणि बदलाचे कारण काय होते? प्रिंट किंवा डिजिटल प्रत पुरवण्याच्या करारात राष्ट्रीय क्रमांक लिहावा की आयएसओचा, विशेषतः एकाची सुधारित आवृत्ती आली आहे आणि दुसऱ्याची अद्याप नाही अशा वेळी? तसेच मागे घेतलेली जुनी राष्ट्रीय मानके संग्रहालये कशी मिळवतात आणि आकसलेल्या रिळांच्या नोंदीत त्यांचा उल्लेख वर्षासह करतात काय? या शेवटच्या मुद्द्यावर प्रत्यक्ष वापरातला नोंदीचा नमुना कोणी दाखवू शकल्यास मला सर्वाधिक उपयोग होईल.