आपण ताण अंगावर काढतो, तो अंगावर दिसतो कुठे? (अनुभव धागा)

रामबाग, इंदूर
इंदुरात पोह्यांवर शेव नसेल तर त्यांना पोहे म्हणत नाहीत. मार्चमध्ये तीच शेव चावताना माझ्या उजव्या कानापुढे कट्ट व्हायला लागलं. मी अक्कलदाढेवर खापर फोडून मोकळी. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जीभ बाहेर काढायला लावली आणि हातात आरसा दिला. जिभेच्या दोन्ही कडांना दातांचे ठसे, करंजीच्या मुरडीसारखे! "झोपेत दात खाता का?" लहानपणी दात खाल्ले की आजी जंतांचं औषध पाजायची, बेचाळिसाव्या वर्षी कुठले जंत? मी अकाउंट्समध्ये आहे, मार्चएन्ड होता, शिवाय घरी सासऱ्यांचं आजारपण. बाई म्हणाल्या, बोलणं, चावणं, गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात टेकायलाच नकोत, ओठ मिटलेले असले तरी. ऑफिसात लक्ष ठेवलं तर माझे दिवसभर आवळलेलेच. आता मॉनिटरच्या कोपऱ्यात एक टिकली चिकटवलीय. दिसली की जबडा सोडायचा. रात्रीला नाइट गार्ड, म्हणजे दातांवर चढवायचं कव्हर.

तुमच्या शरीराने अशी चुगली केली असेल तर लिहा. नुसतं 'डोकं दुखतं' नको, नेमकं काय आणि कसं लक्षात आलं ते.

सुदामानगर
मला टेलरने सांगितलं. माप घेताना म्हणाला, "दीदी, कंधे ढीले छोड़ो." म्हटलं, सोडलेलेच आहेत. तो हसला आणि थांबला. मग मीच आरशात पाहिलं. बाबांना पॅरालिसिस झाल्यापासून रात्री-बेरात्री माहेरून फोन येतो. तेव्हापासून खांदे कानांना भेटायला निघालेत. जुन्या ब्लाऊजला मानेपाशी चुण्या पडत होत्या, मी शिलाईला नावं ठेवत होते.

लवता डोळा
माझा डावा डोळा तीन आठवडे लवत होता. बायकांचा डावा शुभ, पुरुषांचा अशुभ, म्हणून आईने खजराना गणपतीला नेलं. ऑफिसातले आठ चहा आणि चार तासांची झोप गणपतीला ठाऊक असणारच. चहा दोनवर आणला, झोपलो, थांबला.

लोकमान्यनगर
माझं उशिरा कळलं. गणपतीत लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. मी ठणठणीत, एकवीस मोदकसुद्धा केले. मार्गशीर्षात मात्र न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा पुंजका. घरचे म्हणायचे, आता कसलं टेन्शन, ते तर झालं! त्वचेच्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघितलं, दोन्ही ठीक. मग तारखा विचारल्या. मोठा धक्का बसला की पुष्कळ केस एकदमच वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात म्हणे. रोजचे 50 ते 100 तर सगळ्यांचेच जातात. आता कपाळाशी बारीक नवे केस आलेत. तेल चोपडलं तरी ताठ उभे.

जुनी इंदूर
धागा छान, पण एक सांगतो. काकांच्या छातीतली जळजळ आणि डाव्या हाताची कळ आम्ही घरच्यांनीच "फार टेन्शन घेतात" म्हणत दोन दिवस चालवून घेतली. हार्ट अटॅक निघाला. वाचले. छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यात ताण शोधत बसू नका. आधी हॉस्पिटल.

रविवारवाला
माझं डोकं कामाच्या दिवशी दुखतच नाही, रविवारी सकाळी दहाला सुरू! ताण उतरतानाही अर्धशिशी उठू शकते, असं डॉक्टरांचं म्हणणं. शनिवारी सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री दोनपर्यंत खात बसणं बंद केलं, फरक आहे. जिलेबी सोडायला मात्र त्यांनी सांगितलेलं नाही, मीही विचारलं नाही.

रामबाग, इंदूर
सुदामानगर ताई, टेलर कुठला ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्यावाल्याला बाहीसुद्धा धड बसवता येत नाही.