मदत हवी आहे: ब्रायन मेचा आवाज काही केल्या निघत नाहीये (घाईत आहे)

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ब्रायन मेचा गिटारचा आवाज हवाय. सगळीकडे वाचलं की ट्रेबल बूस्टर लावा, म्हणून ट्रेबल बूस्टर (वरचे सूर वाढवणारा पेडल) मागवला. लावला तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज. अॅम्पचा ट्रेबल शून्यावर नेला, बेस पूर्ण केला, गेन वर-खाली करून पाहिला, ढिम्म फरक नाही. पेडलच बाद निघालंय का? शनिवारी ऑफिसच्या बँडचा कार्यक्रम आहे आणि सोलो माझ्या गळ्यात पडलाय. "आधी गिटार शिका" छापाची उत्तरं नकोत. फक्त सेटिंग सांगा.

सोल्डरमामा
सांगतो, पण कशाचं सेटिंग? गिटार कोणती, अॅम्प ट्यूबचा की ट्रान्झिस्टरचा, बूस्टर साखळीत कितवा, गाणं कोणतं? यातलं एकही लिहिलेलं नाही.

रात्रपाळी
गिटार स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाइप. अॅम्प नेहमीचाच. गाणं अर्थात बोहेमियन ऱ्हॅप्सडी, दुसरं कुठलं असणार?

सदाशिव_अडीच
"नेहमीचाच" म्हणजे कोणाच्या नेहमीचा? आम्ही काही तुमच्या घरी चहाला येत नाही.

मॉडेलर_मंग्या
भावा, बूस्टर-बिस्टर विकून टाक आणि मॉडेलर घे, म्हणजे अॅम्प-पेडलची डिजिटल नक्कल करणारा डबा. त्यात व्हॉक्सचा एसी ३० अॅम्प असतो, ट्रेबल बूस्टर असतो, कॅबिनेट असतं. हेडफोन लावायचे, रात्री बारा वाजता वाजवायचं, शेजारचे काका बेल मारत नाहीत. मी ट्यूब अॅम्प विकला आणि सुखी झालो.

जुनी_तार
मंग्या, तू प्रत्येक धाग्यावर तेच सांगतोस. परवा कोणी तबल्याची शाई निघाली म्हणून विचारलं तिथेही मॉडेलर.

रात्रपाळी, थोडं मागचं सांगतो, सेटिंगच्या कामी येईल. ब्रायन मेची गिटार, ती रेड स्पेशल, त्याने आणि वडिलांनी १९६३ पासून घरीच बनवली. मानेचं लाकूड जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं महोगनी. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या, आणि दांडीच्या टोकाला आईची विणायची सुई. हे झालं कौतुक. तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे: तिची स्केल (तारेची वाजणारी लांबी) २४ इंच, तुमच्या स्ट्रॅटची साडेपंचवीस. तीन बर्न्स ट्राय-सॉनिक पिकअप (तारेचं कंपन पकडणारे), प्रत्येकाला वेगळं चालू-बंद आणि वेगळा फेजचा (सिग्नल उलटवणारा) खटका, आणि जोडणी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक. स्ट्रॅटमध्ये दोन पिकअप पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी जातात, म्हणून आवाज पातळ आणि चमकदार. सिरीजमध्ये तोच आवाज भरीव आणि जोरकस होतो. म्हणजे त्याच्या गिटारमधूनच जो सिग्नल निघतो तो तुमच्यापेक्षा जाड आहे. तो ट्रेबल बूस्टरने पातळ केला तरी अंग उरतं. तुमचा आधीच पातळ.

दुसरं, पिक. तो प्लास्टिकच्या पिकने वाजवत नाही, जुन्या सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो. कडेच्या खाचा तारेवर घासतात, त्याने स्वराच्या सुरुवातीला जो खरखरीत "च्यॉ" येतो तो कुठल्याही पेडलमधून येत नाही. नाणं साधारण १९ मिलिमीटरचं आहे. आपली जुनी पावली जवळपास तेवढीच. कडेला खाचा असलेली बघून घ्या, गुळगुळीत उपयोगाची नाही.

पाचगणी_रिटर्न
क्वीनचा विषय निघाला म्हणून सांगते, फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलाय! खरं नाव फारुख बलसारा. तिथे त्याचा शाळेतला बँड होता, हेक्टिक्स नावाचा, त्यात तो पियानो वाजवायचा. आम्ही सहलीला गेलो की सर शाळेचं फाटक दाखवायचे आणि आम्ही मात्र स्ट्रॉबेरीच्या गाडीकडे.

सदाशिव_अडीच
फ्रेडीचं पाचगणी सगळ्यांना पाठ आहे. ब्रायन मे खगोलशास्त्रात पीएच.डी. आहे, २००७ साली पूर्ण केली, सूर्यमालेतल्या धुळीवर. ते कोणी सांगत नाही.

रात्रपाळी
धुळीचं राहू द्या हो. सेटिंग!

वऱ्हाडी_रिफ
भाऊ, बूस्टर जर्मेनियमचा हाय का सिलिकॉनचा? हे पाह्यल्याशिवाय काही बोलू नका. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती तापमान वाढलं की वाढते, दहा अंशाला अंदाजे दुप्पट. आमच्या नागपुरात मे महिन्यात दुपारी माझा जर्मेनियमचा पेडल नुसता भुरभुर करते, रात्री बारानंतर गोड वाजते. स्टेजवर हॅलोजन असतीन तर ध्यानात ठेवा.

सोल्डरमामा
बरोबर आहे, पण त्याची तक्रार भुरभुरीची नाही, किंचाळण्याची आहे. अॅम्प कोणता ते अजून आलेलं नाही. वाट बघतोय.

कोकणमेवा
गिटारची काळजी घेणाऱ्यांसाठी: आमच्याकडे पावसाळ्यात अकूस्टिकच्या पाठीचा डिंक सुटतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याने आतले दाणे तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात. भिंतीला टांगू नका.

सदाशिव_अडीच
हे कोणी विचारलं होतं?

कोकणमेवा
उद्या कोणीतरी विचारेलच.

रात्रपाळी
ओके. अॅम्प पंधरा वॉटचा, ट्रान्झिस्टरचा, एकच स्पीकर. साखळी अशी: गिटार, वायरलेस, मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्ट एकाच डब्यात), मग बूस्टर, मग अॅम्प. मल्टिइफेक्टमध्ये डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) चालू असतं. बूस्टरवर "जर्मेनियम" लिहिलंय. आता तरी सांगा.

सोल्डरमामा
आता कळलं. पेडल बाद नाही, जागा बाद आहे.

ट्रेबल बूस्टर हा आवाज बनवणारा पेडल नाहीच. साठच्या दशकातला डॅलस रेंजमास्टर बघा, त्यात एक ओसी ४४ जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि आत शिरायला ०.००५ मायक्रोफॅरडचा इवलासा कपॅसिटर. त्या कपॅसिटरमधून खर्ज जातच नाही, वरचा सिग्नल तेवढा जातो आणि भरपूर मोठा होऊन निघतो. तो जातो पूर्ण उघडलेल्या ट्यूब अॅम्पमध्ये. पूर्ण व्हॉल्यूमला ट्यूब अॅम्पचा खर्ज फुगतो, चिखल होतो. बूस्टरने खर्ज आधीच कापून पाठवला की अॅम्प मधल्या सप्तकात फाटतो, वरचा ट्रेबल त्या फाटण्यातच गोल होतो आणि सोलो गात सुटतो. रोरी गॅलाघर एसी ३० आणि रेंजमास्टर असंच वाजवायचा. ब्रायन मेने लंडनच्या मार्की क्लबात त्यालाच विचारलं आणि त्याने सरळ सांगून टाकलं.

तुमचा ट्रान्झिस्टर अॅम्प यातलं काहीच करत नाही. तो स्वच्छ राहतो आणि ट्रेबल जसाच्या तसा तोंडावर फेकतो. वर तुम्ही डिस्टॉर्शन आधी आणि बूस्टर नंतर लावलाय, म्हणजे फाटून झालेल्या आवाजाचा खर्ज काढून फक्त चरे वाढवताय. आणि बेसचा नॉब पूर्ण फिरवून काय होणार? जो खर्ज बूस्टरने पुढे येऊच दिला नाही तो नॉब कुठून आणेल?

मॉडेलर_मंग्या
म्हणजे शेवटी मॉडेलरच लागणार ना? मी काय म्हणत होतो?

सोल्डरमामा
त्याच्याकडे मल्टिइफेक्ट आहे, त्यात एसी ३० असेल तर नवीन काही लागणार नाही. रात्रपाळी, हे करून बघा. गिटारमधून साध्या केबलने थेट बूस्टर. मध्ये वायरलेस नको, ट्यूनरही नको. जुन्या घडणीच्या बूस्टरला गिटारचा पिकअप थेट लागतो, मध्ये बफर (वायरलेस-ट्यूनरमधलं सिग्नल सांभाळणारं सर्किट) आला की तो कर्कश होतो. बूस्टरमधून मल्टिइफेक्ट. तिथे एसी ३० चं मॉडेल, नॉर्मल चॅनेलचं असेल तर ते, नसेल तर टॉप बूस्ट घेऊन ट्रेबल बराच खाली. डिस्टॉर्शनचा ब्लॉक बंद. मॉडेलचा गेन असा ठेवा की बूस्टर नसताना जोरात छेडलं तर जेमतेम फाटेल. मग बूस्टर कायम चालू आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब फिरवून काम. साथीला पाच-सहावर, सोलोला दहावर. ब्रायन मे हेच करतो, अॅम्प उघडा आणि सगळा खेळ गिटारच्या नॉबवर.

कार्यक्रमाला साउंडवाला आहे का? असेल तर मल्टिइफेक्टमधून कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) लावून सरळ मिक्सरला द्या. पंधरा वॉटचा अॅम्प स्वतःला ऐकायला ठेवा.

जुनी_तार
आणि पिकअप मधला अधिक मानेचा. स्विचची चौथी पोझिशन. बोहेमियनच्या सोलोला तो मान आणि मधला आउट ऑफ फेज (एकमेकांच्या उलट) वापरतो असं माझे कान सांगतात, त्यामुळे तो नाकातला आवाज. स्ट्रॅटची दुसरी-चौथी पोझिशनही आउट ऑफ फेजच असते.

सोल्डरमामा
तार काका, आदर आहे, पण हे चूक. चौथ्या पोझिशनमध्ये दोन्ही पिकअप इन फेज असतात, पॅरललमध्ये. तो "क्वॅक" दोन वेगळ्या जागांवरून तार ऐकल्यामुळे येतो. खरं आउट ऑफ फेज केलंत तर खर्ज जवळजवळ गायब होतो आणि आवाज निम्मा होतो. तो लगेच ओळखू येतो.

जुनी_तार
आम्ही १९८० पासून त्याला आउट ऑफ फेजच म्हणतोय.

सोल्डरमामा
म्हणत असाल. मल्टिमीटर ऐकत नाही.

रात्रपाळी
मग ते खरं आउट ऑफ फेज कसं करायचं? माझ्याकडे सोल्डरिंग आयर्न आहे.

सोल्डरमामा
मधल्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल. पण शनिवारच्या आधी करू नका. बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, म्हणून दोन्ही मिळून घूं कापली जाते. वायरी उलटवल्या की ते कापणं संपतं आणि घूं उलट बेरजेने येते. शिवाय आवाज इतका खाली जातो की बूस्टर आणि अॅम्पचं सगळं गणित परत जुळवावं लागेल. सोलो मधला अधिक मान इन फेज ठेवूनच वाजवा, टोन नॉब दोन घरं खाली. हॉलमधल्या लोकांना फेज कळणार नाही, स्वर चुकला तर मात्र कळेल.

मेधा_७७
सगळे जाणकार आहेत म्हणून विचारते. मुलगी नऊ वर्षांची आहे, कीबोर्ड घ्यायचाय, एकसष्ट कीज पुरतील का? सोसायटीतल्या बाई सांगतात अठ्ठ्याऐंशीच घ्या.

मॉडेलर_मंग्या
ताई, एकसष्ट भरपूर. पण टच सेन्सिटिव्ह घ्या, हळू दाबलं की हळू वाजेल असा. अठ्ठ्याऐंशी ठेवणार कुठे?

वऱ्हाडी_रिफ
तारा कोन्त्या हायेत ते कोणीच नाही विचारलं. ब्रायन मे लई पातळ तारा वापरते, आणि २४ इंचाच्या स्केलवर त्या अजून ढिल्या पडतात. म्हणून तो बेंड आणि व्हायब्रेटो तसा येते. रात्रपाळी भाऊ, दहाच्या जाडीच्या असतीन तर नऊच्या टाका, जमलं तर आठच्या. पण आजच टाका, शनिवारी सकाळी टाकान तर सोलोभर सूर उतरत राहीन.

जुनी_तार
हे मात्र लाखातलं बोललास.

रात्रपाळी
काल रात्री सगळं उलटं-सुलटं करून पाहिलं. गिटार, बूस्टर, मल्टिइफेक्टमधला एसी ३०, मिक्सर. तार काकांची पावलीही वापरली, शेजारच्या आजोबांनी नाण्यांच्या डब्यातून दिली. किंचाळणं पूर्ण गेलं. सोलोत लांब धरलेला स्वर आता टिकतो आणि शेवटी थोडा गातोही. नऊच्या तारा टाकल्यात, बेंड जरा जास्तच वर जातोय, सवय होईल. पण नवीन भानगड: वाजवत नसताना घूं आणि बारीक शिट्टी येतेय. सगळी पेडल्स एका अडॅप्टरच्या माळेवर आहेत.

सोल्डरमामा
माळेवरून बूस्टर काढा. जुन्या घडणीच्या जर्मेनियम बूस्टरचं अर्थिंग पॉझिटिव्ह असतं, बाकी पेडल्सचं निगेटिव्ह. एका माळेत घातले तर शॉर्टही होऊ शकतं. तुमचं चालतंय म्हणजे आत व्होल्टेज उलटवायचं सर्किट असणार, आणि शिट्टी बहुतेक त्याचीच. बॅटरीची जागा असेल तर ९ व्होल्टची साधी बॅटरी घाला, हा पेडल नगण्य करंट खातो, सहज चालेल. फक्त कार्यक्रम नसताना इनपुटची केबल काढून ठेवा, ती लागलेली असली की पेडल बंद असूनही बॅटरी उतरत राहते. उरलेली घूं स्ट्रॅटच्या सिंगल कॉइल पिकअपची. स्टेजवर उभं राहून जरा फिरून बघा, ज्या दिशेला घूं कमी तिकडे तोंड करून वाजवा.

मॉडेलर_मंग्या
माझ्या मॉडेलरला बॅटरी लागत नाही.

सदाशिव_अडीच
वीज गेली की सांगा.