डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून घरी जाणं) घेऊन गेलेल्या पेशंटला परत दार उघडायचं की नाही?

उंबरठा:
काल इथे एकाने लिहिलं, "डॉक्टरांचं न ऐकता सही करून घरी जाणाऱ्यांना परत घेऊच नये. अशा अडाण्यांसाठी खाट अडवायची कशाला?" ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

शुद्धीवर असलेला, आपलं भलंबुरं कळणारा प्रौढ माणूस उपचार नाकारू शकतो. तो त्याचा हक्क आहे. तो का जातोय हे किती जण विचारतात? घरी तान्हं मूल असतं, रजा संपलेली असते, बिल वाढत असतं. दारू सुटल्यामुळे हातपाय थरथरत असतात आणि त्यावर कुणी औषधच दिलेलं नसतं.

माझे वडील न्यूमोनियासाठी दाखल होते. अजून किती दिवस, असं विचारलं की एकच उत्तर, "राउंडला डॉक्टर येतील तेव्हा सांगतील." राउंड आला. पाच-सहा जण पायथ्याशी उभे राहून आपापसात बोलले आणि पुढच्या खाटेकडे गेले. वडील सिस्टरना म्हणाले, "सुई काढा." लगेच फॉर्म पुढे आला. मी विचारलं, निदान गोळ्या तरी कुठल्या द्यायच्या? उत्तर मिळालं, "सल्ला मानत नाही ना, मग प्रिस्क्रिप्शन कशाला?" मला राग या वाक्याचा आहे.

रात्रपाळी:
दादा, वडिलांच्या बाबतीत झालं ते चूकच. पण मी वॉर्डात नोकरी करते, माझीही बाजू ऐका.

गाडीवरून पडलेला मुलगा. थोडा वेळ बेशुद्ध होता, मग उठून नीट बोलायला लागला. मित्र म्हणाले, ठणठणीत आहे, नेतो. डोक्याला मार लागल्यावर मधे असा बरा वाटण्याचा काळ येऊ शकतो आणि तेवढ्यात कवटीच्या आत रक्त साचत राहतं, हे आम्ही घसा कोरडा करून सांगितलं. पहाटे त्याला परत आणलं तेव्हा डोळ्याची एक बाहुली मोठी झालेली होती, म्हणजे मेंदूवर दाब आलेला. डेंग्यूतही तेच. ताप उतरला की लोक पिशव्या भरतात, आणि खरे धोक्याचे २४ ते ४८ तास तेव्हाच सुरू होतात. छातीत दुखणाऱ्याचा पहिला ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला तरी काही तासांनी परत करावा लागतो. "एकदा केला ना?" म्हणून लोक भांडतात.

कॅनडातल्या मॅनिटोबामध्ये १९९० ते २००९ चे डिस्चार्ज तपासले होते. असे निघून गेलेले साधारण १.१ टक्के, पण महिन्याभरात पुन्हा दाखल होण्याची शक्यता त्यांच्यात जवळपास तिप्पट. हे तुमच्या हक्कात कुठे बसतं?

उंबरठा:
ताई, आकडा मान्य. पण ज्याला धोका तिप्पट, त्याला औषध आणि पुढची तारीख जास्त नेमाने द्यायला हवी. तुमच्याकडे नेमकं त्यालाच रिकाम्या हाताने पाठवतात.

सरळरेषा:
सगळे मुद्दा सोडून बोलताय. डामावर सही केली की विमा कंपनी दमडी देत नाही. हे लोकांना आधी सांगा, कुणी जाणार नाही.

कागदपत्र:
ही वॉर्डावॉर्डात फिरणारी धमकी आहे. शिकागोच्या एका विद्यापीठ रुग्णालयाने २००१ ते २०१० मधल्या अशा ४५३ विमाधारक पेशंटचे कागद तपासले. पैसे नाकारले गेले ४ टक्के जणांना, आणि डामा या कारणावरून एकालाही नाही. तरी तिथले बरेच डॉक्टर पेशंटला हीच भीती घालत होते. तुमच्या पॉलिसीत काय अट आहे ते पॉलिसी वाचून ठरवा, वॉर्डात कुणी सांगितलं त्यावरून नको.

सरळरेषा:
शिकागोचं शिकागोला ठेवा. माझ्या मेव्हण्याचा क्लेम बुडाला, मी डोळ्यांनी पाहिलंय.

कागदपत्र:
नाकारल्याचं पत्र वाचलंत का?

सरळरेषा:
तुम्ही कंपनीची वकिली का करताय? एजंट आहात का?

कागदपत्र:
तोंड सांभाळा. क्लेमच्या टेबलावर माझं अर्धं आयुष्य गेलंय, तेही पेशंटच्या बाजूने भांडण्यात. ऐकीव गोष्टींमुळे लोक क्लेम टाकतच नाहीत, याची मला चीड आहे. पत्र काढा आणि कारण इथे लिहा.

सरळरेषा:
काढलं. लिहिलंय, "डिस्चार्ज समरी जोडलेली नाही." म्हणजे आजार आणि उपचारांचा हॉस्पिटलने द्यायचा कागद. ठीक आहे, कागदावर तुम्ही जिंकलात. पण सही करून गेला म्हणून हॉस्पिटलने समरी दिलीच नव्हती. पैसे गेले ते गेलेच ना?

कागदपत्र:
मग हेच आधी सांगायचं होतं! दोष हॉस्पिटलचा आहे. समरी लेखी मागा, अर्जाची पोच घ्या आणि क्लेम पुन्हा टाका.

उंबरठा:
बघा, विम्याची गाडीही शेवटी तिथेच आली. सही केली की कागद नाही, गोळ्या नाहीत.

निवासी:
मी डॉक्टर आहे. मला शिरेतून औषध द्यायचंय, पेशंट निघालाय. मी गोळ्या लिहिल्या आणि तो घरी गेला तर नातेवाईक माझीच गचांडी धरतात, "तुम्हीच गोळ्या देऊन पाठवलं." आमच्यावर हात उगारले जातात त्यावर इथे एक ओळ नाही.

उंबरठा:
हात उगारणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण दुसऱ्या पसंतीचा उपचार म्हणजे शून्य उपचार का? पोएट (POET) नावाची, पेशंटवर केलेली औषधांची चाचणी बघा, २०१९. हृदयाच्या झडपेच्या जंतुसंसर्गाचे ४०० पेशंट होते. स्थिर झाल्यावर तोंडाने दिलेली औषधं शिरेतल्या औषधांपेक्षा कमी ठरली नाहीत.

निवासी:
पूर्ण वाचा. त्यांना आधी किमान १० दिवस शिरेतून औषध मिळालं होतं, आणि घरी गेलेल्यांची तपासणी आठवड्याला दोन-तीनदा होत होती. दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी निघालेल्याला ते लावू नका. गोळ्या लिहून द्याव्यात, एवढं मी मानतो. नुसत्या सहीने आम्ही कायद्यातून सुटत नाही, हेही खरं. काय समजावलं, पेशंटला काय कळलं आणि पर्याय काय दिला, याची नोंद केसपेपरवर लागते. पण मध्यरात्री एकट्याने वॉर्ड सांभाळताना ती नोंद करायला वेळ कुठून आणायचा ते सांगा.

रात्रपाळी:
वेळ काढावाच लागेल, डॉक्टर. उलटी, झोपाळूपणा, वाढती डोकेदुखी झाली तर लगेच परत या, एवढं चिठ्ठीवर लिहायला मिनिटभर लागतं. मी लिहिते. आणि "परत आलात तर कुणी रागावणार नाही" हे तोंडाने सांगते, कारण लोक ओरडा बसेल म्हणून उशिरा येतात. आता मला एक सांगा, इतक्या चर्चेत सही कुणाची, यावर कुणी बोललं का? बाई शुद्धीवर, बोलतेय, आणि फॉर्मवर सही दिराची. तिला विचारलेलंच नसतं. अशी बाई मी थांबवली तर तिचा हक्क मोडला म्हणाल की राखला?

उंबरठा:
राखलात. तिला जायचं नसेल तर दिराच्या सहीला काडीची किंमत नाही. मात्र तिला एकटीला बाजूला घेऊन विचारा. दीर उशाशी उभा असताना ती खरं बोलणार नाही.