लघवीची जळजळ : दिलेली गोळी घेऊ की ‘स्ट्राँग’ घेऊ?

रानजाई :
परवापासून लघवीला जळजळतंय. सारखं जावं लागतं आणि होते थेंबभर. ताप नाही. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटोइन १०० मिलिग्रॅम दिलंय, दिवसातून २ वेळा, ५ दिवस. बहीण म्हणते हे जुनं, हलकं औषध. तिच्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन उरलंय, त्याने तिला लगेच आराम पडला होता. वय ३४, गरोदर नाही, मधुमेह नाही. काय करू?

निळी शाई :
दिलेलंच घ्या, बहिणीच्या गोळ्यांना हात लावू नका. मी फॅमिली डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

औषध १९५३ पासूनचं आहे, म्हणजे जुनं खरंच. पण हलकं मुळीच नाही. रक्तात ते फारसं राहत नाही, लघवीत मात्र भरपूर उतरतं, आणि तुमचा संसर्ग मूत्राशयातच आहे. अशा बहुतेक वेळी कारण असतो ई. कोलाय हा जंतू. इतकी वर्षं वापरूनही तो या औषधाला फारसा सरावलेला नाही. सिप्रोचं तसं राहिलेलं नाही. शिवाय त्या गटातल्या औषधांनी टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटू शकते, नसांना इजा होऊ शकते. दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्रसंसर्गाला ती देऊ नका, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१६ मध्ये बजावलंय. किडनीच्या संसर्गात सिप्रो जीव वाचवू शकतं. ते असं जळजळीवर उधळलेलं पाहून मला फार वाईट वाटतं.

गोळी जेवणाबरोबर घ्या. मळमळ कमी होते, औषधही अंगी जास्त लागतं. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होईल, तो औषधाचाच रंग. किडनीचं काही दुखणं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि थंडी वाजून ताप आला, उलट्या झाल्या किंवा बरगडीखाली पाठीत दुखलं तर त्याच दिवशी दाखवा. संसर्ग वर किडनीपर्यंत गेला असेल, तर हे औषध तिथे पुरत नाही.

पाऊलखुणा :
मला पाण्यात ढवळून घ्यायची एकच पुडी दिली होती. ते काय?

निळी शाई :
फॉस्फोमायसिन असणार, ३ ग्रॅम, एकच डोस. तोही चांगला पर्याय. ३ दिवसांचं को-ट्रायमॉक्साझोल हे सल्फा असलेलं अँटिबायोटिकही चालतं, पण सल्फाची ॲलर्जी नसेल आणि त्या भागातले २० टक्क्यांहून जास्त जंतू त्याला निर्ढावलेले नसतील तरच.

रानजाई :
मनःपूर्वक आभार, डॉक्टर. आज जेवणाबरोबर पहिली गोळी घेतली. कोर्स संपला की लघवीतल्या जंतूंची तपासणी, म्हणजे कल्चर, करू का?

निळी शाई :
त्रास थांबला तर नको. काही त्रास नसताना लघवीत जंतू सापडले, तरी गरोदरपणासारखी मोजकी कारणं सोडता औषध द्यायचं नसतं. जळजळ राहिली किंवा काही आठवड्यांत परतली तर मात्र कल्चर कराच, आणि नमुना पुढच्या अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्या. सुरुवातीची धार सोडून मधली धरा.