हेडस्टॉकवर नाव नसलेली जुनी जपानी गिटार: बनवली कोणी, हे कसं ओळखायचं?

तिसरी_तार
एका इलेक्ट्रिक गिटारचा मूळ कारखाना शोधायचा आहे. हेडस्टॉकवर (नेकच्या टोकाला, जिथे तारा ताणायच्या चाव्या असतात) नाव नाही, पण आडव्या रेषेत खिळ्यांची दोन बारीक भोकं आहेत. त्या चाव्या, म्हणजे ट्यूनर, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला दोन. नटच्या (हेडस्टॉकपाशी तारांना खाचा असलेली पट्टी) पुढे लगेच झीरो फ्रेट, म्हणजे एक जादा धातूची आडवी पट्टी आहे. पिकगार्ड पट्ट्यापट्ट्यांच्या धातूचा, दोन पिकअप (तारांचा आवाज टिपणारी चुंबक-कॉइल), त्यांच्या झाकणाखाली सोनेरी पत्रा दिसतो. पिकअप चालू-बंद करायला रॉकर स्विच. नेक चार स्क्रूंनी बसवली आहे आणि मागच्या पट्टीवर 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' आणि 'जपान' एवढंच कोरलंय. सीरियल नंबर नाही. कुठून सुरुवात करू?

ढोबळमान
नेकच्या सांध्यात नंबर असणारच. तो शोधा आणि इबानेझच्या तक्त्यात टाका, वर्ष-महिना लगेच मिळेल.

कॉइलवाला
नाही हो, तो तक्ता इथे चालणार नाही. इबानेझची अक्षर आणि सहा आकड्यांची पद्धत १९७५च्या अखेरीपासूनची. त्यात 'एफ७६१२३४' म्हणजे जून १९७६, कारण ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं पुढे. फेंडर जपानचे 'जेव्ही'ने सुरू होणारे नंबर तर १९८२ पासूनचे. झीरो फ्रेट, रॉकर स्विच आणि सोनेरी पत्रा एकत्र दिसले की गिटार साठच्या दशकातली समजायची. त्या काळच्या स्वस्त गिटारींवर बहुतेक वेळा नंबर नसतोच, आणि असला तरी उलगडायला तक्ता नाही.

मुळात 'ब्रँड' आणि 'कारखाना' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. जपानी कारखाने परदेशी आयातदारांसाठी माल बनवत आणि वर पाटी आयातदाराची लागे. अमेरिकेत तेइस्को या जपानी कंपनीचीच गिटार 'तेइस्को डेल रे' नावाने विकली जाई, 'किंग्स्टन' नावानेही, आणि सिअर्सच्या दुकानात 'सिल्व्हरटोन' म्हणून. त्यातही सिल्व्हरटोनच्या कित्येक गिटारी डॅनइलेक्ट्रो, हार्मनी, के अशा अमेरिकन कारखान्यांच्या, म्हणजे नाव मिळालं तरी देशसुद्धा ठरत नाही. ब्रिटनमध्ये ग्वायाटोन या दुसऱ्या जपानी कंपनीच्या गिटारी 'अँटोरिया' होऊन विकल्या. 'द शॅडोज'चा गिटारवादक हँक मार्विन याच्याकडे फेंडरची स्ट्रॅटोकास्टर येण्याआधी अशीच एक होती.

आता ती पट्टी. 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' हा सुट्या भागांच्या बाजारातला माल, अनेक कारखान्यांनी लावलेला. तिच्यावरून बनवणारा ठरवू नका. एक उपयोग मात्र आहे: 'रीइन्फोर्स्ड' असेल तर आत बहुधा नुसती पोलादी पट्टी असते, न फिरवता येणारी. 'स्टील अ‍ॅडजस्टेबल नेक' असेल तर ट्रस रॉडचा (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) फिरवायचा नट हेडस्टॉकपाशी किंवा टाचेत, म्हणजे नेकच्या बॉडीकडच्या टोकाला, शोधायचा. तुमच्याकडे नट सापडला नाही तर घाबरू नका, आणि रॉड शोधण्यासाठी नेकला भोक तर मुळीच पाडू नका.

जीर्णोद्धार
खोलण्याआधी दोन गोष्टी.

त्या काळचे जपानी स्क्रू फिलिप्स नसतात. दिसायला तसेच, पण जपानी जेआयएस मापाचे. फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण तळाला बसत नाही, जोर दिला की उसळतो आणि खाच गोल होते. नेकच्या स्क्रूंना जेआयएस दोन नंबर, पिकगार्ड आणि ट्यूनरच्या बारीक स्क्रूंना एक नंबर. गंजलेल्या स्क्रूला आधी एक थेंब भेदक तेल, तेही सुईच्या टोकाने. लाकडात मुरलं तर पुढे रंग आणि डिंक धरत नाही. मग आधी थोडा घट्ट करायचा, खट् आवाज आला की उलट फिरवायचा. कोकणात किंवा गोव्यात राहिलेल्या गिटारीचा स्क्रू याशिवाय सरळ मोडतो.

दुसरं म्हणजे तारा आधी पूर्ण सैल करा, मग नेक काढा. नेक बसते त्या बॉडीच्या खाचेत कागदाची किंवा लाकडाची चपटी पट्टी असेल तर तिची जागा आणि दिशा यांचा फोटो घ्या. ती फेकली तर तारांची उंची बिघडते आणि मग ब्रिजला दोष देत बसावं लागतं.

बघायचं काय? टाचेवर आणि खाचेत पेन्सिलचे आकडे, रबरी शिक्का, रंगाचा पुसट डाग. जपानी अक्षरं असतील तर तिरप्या उजेडात फोटो काढा, समोरून फ्लॅश मारला तर काहीच येत नाही. बॉडी थरांची आहे का, हे स्क्रूच्या भोकांच्या कडेला दिसतं. हेडस्टॉकच्या त्या दोन भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. तिथे खिळ्यांनी ठोकलेला बिल्ला होता. अंधारात अतिनील टॉर्च मारली तर बिल्ल्याखालची कमी पिवळलेली जागा अक्षरांच्या आकारात उमटते, कधीकधी अख्खं नाव वाचता येतं.

कॉइलवाला
पॉटवर (आवाज-टोनच्या बटणाखालचा भाग) १३७ ने सुरू होणारा आकडा दिसला तर तो अमेरिकन सीटीएस कंपनीचा, म्हणजे कोणीतरी बदललाय. जपानी पॉट त्या पद्धतीत बसत नाहीत, त्यामुळे 'पॉट कोडवरून वर्ष काढा' हा सल्ला इथे बाद.

पिकअप जोडलेलेच मोजा. मल्टिमीटर २० किलोओहमवर, केबलच्या टोकाला, आवाज आणि टोन पूर्ण उघडे, एका वेळी एकच स्विच चालू. आणि सोल्डरचे टाके नीट बघा. अमेरिकन गिटारवादक राय कूडर याच्या गिटारवर तेइस्कोचा सोनेरी पिकअप आल्यापासून लोक हे पिकअप काढून सुटे विकतात, मग त्या बॉडीत भलतेच बसवतात. टाका चकचकीत आणि वायर नवी असेल तर पिकअपवरून कारखाना ठरवू नका.

तिसरी_तार
खोलली. पिकअप एक ६.२ किलोओहम, दुसरा काहीच दाखवत नाही. टाके काळपट, कोणी हात लावलेला दिसत नाही. टाचेवर पेन्सिलने दोन आकडे, शिक्का नाही. ट्रस रॉडचा नट कुठेच नाही. झीरो फ्रेट ते बारावा फ्रेट ३१४ मिमी. भोकांमधलं अंतर ५२ मिमी. टॉर्चखाली सुरुवातीला आडव्या दांड्याचा 'टी' वाटतो, पुढचं अस्पष्ट.

जीर्णोद्धार
माप झीरो फ्रेटपासून घेतलंत ते बरं केलंत. अशा गिटारीत नट फक्त तारांचं अंतर राखतो. ३१४ च्या दुप्पट ६२८. आता झीरो फ्रेट ते ब्रिजचं खोगीर (तार बॉडीकडे जिथे टेकते ती जागा) मोजा. तेही साधारण तेवढंच, जाड तारेकडे दोन-तीन मिमी जास्त, भरलं तर नेक मूळचीच. १० मिमीचा फरक निघाला तर नेक दुसऱ्या गिटारीची आहे आणि हेडस्टॉकवरचा सगळा पुरावा बॉडीला लागू होत नाही.

कॉइलवाला
माप जुळलं असं धरून: चार-दोन ट्यूनर, पट्ट्यांचा धातूचा पिकगार्ड, रॉकर स्विच, सोनेरी पिकअप आणि आता तो 'टी'. हे सगळं तेइस्को घराण्याकडे बोट दाखवतं. सोनेरी पत्रा एकटा असता तर मी बोललो नसतो, तो ग्वायाटोनही वापरत असे.

पण 'तेइस्कोने बनवली' असं लिहिण्याआधी एक अडचण आहे. १९४६ मध्ये टोकियोत सुरू झालेली ही कंपनी १९६७ मध्ये कावाईने घेतली आणि काम हामामात्सूकडे गेलं. नाव, साचे, शिल्लक सुटे भाग पुढेही वापरात राहिले. १९६६ ची आणि १९६८ ची गिटार बाहेरून सारखी दिसू शकते. चार-दोनचं हेडस्टॉक साठच्या दशकाच्या मध्यानंतरचं, म्हणजे ऐन या सीमेवरचं. विकायची असेल तर 'तेइस्को-कावाई, १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध' एवढंच लिहा. नेमकं वर्ष लिहिणारा विक्रेता बहुतेक दुसऱ्या जाहिरातीतून उतरवत असतो.

तिसरी_तार
आणि मेलेला पिकअप?

जीर्णोद्धार
आधी स्विच तपासा. रॉकरचे पितळी संपर्क काळे पडतात आणि पिकअप मेल्यासारखा वाटतो. संपर्क क्लीनरचा एक फवारा, वीसेक वेळा खटखट, पुन्हा मोजा. तरी काहीच दिसलं नाही तर मीटरची टोकं थेट पिकअपच्या वायरींवर लावा. तिथेही काही नसेल तर कॉइलची केसासारखी तार बाहेरच्या वायरीला जिथे जोडली आहे तो टाका बघा, बहुतेक तिथेच तुटलेली असते. बाहेरच्या फेऱ्यातलं टोक सापडलं तर एनॅमल हलकं खरवडून पुन्हा जोडता येतं. आतलं टोक तुटलं असेल तर पूर्ण वाइंडिंग नवीन.

पिकअप मोठ्या आवाजात शिट्टी मारतो म्हणून गरम मेणात बुडवायचा मोह होईल, तो टाळा. कॉइलची प्लास्टिकची रीळ (बॉबिन) वाकते आणि त्यातला रबरी चुंबकही हलतो.

ढोबळमान
बरं, तक्ता मागे घेतो. खोगीरापर्यंतचं माप आलं की टाका, ते बघायचंय.

तिसरी_तार
६३०, जाड तारेकडे ६३२.