पांढऱ्या रश्श्यावर खापर फोडण्याआधी
कोल्हापुरातल्या एका लग्नात जेवलेल्या बऱ्याच जणांना जुलाब-उलट्या झाल्या, म्हणून या चर्चेत सगळ्यांनी पांढऱ्या रश्श्यालाच धरलंय. पण तो आजारी न पडलेल्यांनीही ओरपला असणार! त्यांनाही विचारा की. खाल्लेल्यांपैकी किती आजारी, न खाल्लेल्यांपैकी किती, हे प्रत्येक पदार्थाचं ताडून बघावं लागतं.

२०११ साली जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची साथ आली, ५० हून जास्त माणसं गेली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, तिथल्या शेतकऱ्यांचं हकनाक नुकसान झालं. शेवटी निघाली मोड आलेली मेथी. दाणे इजिप्तहून आलेले. कित्येक रुग्णांना मोड खाल्ल्याचं आठवतच नव्हतं, कारण ते सॅलडवर नुसते भुरभुरलेले. मग तपास करणाऱ्यांनी हॉटेलची बिलं काढली आणि कुठल्या ताटात काय पडतं ते थेट आचाऱ्याला विचारलं.

म्हणून म्हणतो, आपल्याकडंही आधी आचाऱ्याला गाठा. रस्सा उकळता वाढला असेल तर त्याच्यावर संशय कमी. कांदा कधी चिरला, कोशिंबिरीत कच्ची मोडाची मटकी होती का, दही किती वेळ बाहेर होतं? आणि त्रास किती तासांनी सुरू झाला तेही लिहून घ्या. दोन-चार तासांतच उलट्या झाल्या तर बहुधा स्टॅफिलोकोकस या जिवाणूचं विष. दुसऱ्या दिवशी तापासकट जुलाब असतील तर साल्मोनेला या जिवाणूचा संशय जास्त.