‘ऐच्छिक आहे, पण द्यावीच लागेल’: ऑफिसातल्या देणग्यांचे अनुभव

हा धागा दानधर्माच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, २००५ च्या २६ जुलैनंतर कुणी न सांगता लोकांनी घरातली भांडी-पांघरुणंसुद्धा दिली होती. मला विचारायचंय ते साहेब मागतात तेव्हाचं. ज्यांच्या सहीवर आपली रजा, बदली आणि गोपनीय अहवाल अवलंबून, तेच पावतीपुस्तक घेऊन टेबलाशी उभे राहिले की ‘ऐच्छिक’ म्हणजे नक्की काय उरतं? किती दिले यापेक्षा मागितले कसे, आणि नाही म्हटल्यावर काय झालं, ते लिहा. कंपनीचं, संस्थेचं, माणसाचं नाव नको. तुम्हीच साहेब असाल तर त्या बाजूनंही लिहा.

प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा

आमच्याकडे ७ डिसेंबर जवळ आला की केंद्रप्रमुखांचा निरोप येतो. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळतात. पैसा माजी सैनिकांच्या आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी जातो, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तक्रार आहे ती उद्दिष्टाची. जिल्ह्याचं उद्दिष्ट खात्यांना वाटलं जातं, खात्याचं तालुक्याला, तालुक्याचं केंद्राला, केंद्राचं शाळेला. खाली येता येता त्याचं ‘प्रति शिक्षक’ होतं. मुलांकडून, पालकांकडून गोळा करा म्हणतात. आमच्या वस्तीवरची निम्मी घरं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात, कुलपाकडून काय गोळा करू? मग मुख्याध्यापक आणि आम्ही पदरचे भरतो आणि कागदावर ‘संकलित रक्कम’ असं लिहितो. पुढच्या वर्षी तोच आकडा पाया धरून उद्दिष्ट वाढवून येतं! व्हॉट्सॲपच्या गटावर ‘निधी अप्राप्त शाळा’ अशी यादी पडते, शाळेचं नाव लाल रंगात. त्या यादीत नाव येऊ नये म्हणून मी चुलत जावेकडून पैसे आणून भरलेले आहेत.

निवृत्त वरिष्ठ सहायक

मॅडम, ती यादी वरून खाली कशी उतरते हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. आहरण व संवितरण अधिकाऱ्यांच्या, म्हणजे कार्यालयाचा पगार काढून वाटणाऱ्या साहेबांच्या हाताखाली पगारबिलं करायचो. आपत्ती आली की पत्र ठरल्या साच्यात येतं : अमुक संघटनांनी विनंती केली आहे, सबब एक दिवसाचं वेतन मुख्यमंत्री सहायता निधीसाठी कपात करावं. ज्यांची इच्छा नसेल त्यांनी तसं लेखी कळवावं. संघटनेनं विनंती करताना सभासदांना विचारलं का, हे पत्रात नसतं. आणि पत्र टेबलावर येतं ते बिल लावायच्या तोंडावर. फिरतीवरच्या माणसाला कळेपर्यंत सेवार्थ या पगाराच्या संगणक प्रणालीत कपात पडून बिल कोषागारात गेलेलं.

लेखी नकार क्वचितच यायचे. एकदा एका शिपायानं दिला. बायको डायलिसिसवर होती, तसं अर्जात लिहिलंही होतं. साहेबांनी समासात ‘चर्चा करा’ असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. सरकारी नोकरी केलेल्याला या दोन शब्दांचं वजन ठाऊक आहे. शिपायानं साहेबांशी चर्चा ती काय करायची? त्यानं अर्ज माझ्यासमोर घडी घालून खिशात ठेवला आणि ‘कापा’ म्हणाला. साहेब दुष्ट नव्हते हो. त्यांनाही वर ‘आमच्या कार्यालयाची शंभर टक्के कपात’ असं कळवायचं होतं.

वकील, औरंगाबाद खंडपीठ

‘नको असेल त्यानं कळवावं’ या वाक्यावर न्यायालयात वाद झालेला आहे. २०१८ च्या महापुरानंतर केरळ सरकारनं कर्मचाऱ्यांकडे एक महिन्याचा पगार मागितला, हप्त्यांनी द्यायची सोय होती. न देणाऱ्यानं तसं लिहून द्यायचं होतं. उच्च न्यायालयानं ही नकाराची अट अडवली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही ऑक्टोबर २०१८ मध्ये दिलासा मिळाला नाही. ‘मी देत नाही’ असं लिहून देऊन कर्मचाऱ्यानं स्वतःची मानहानी का करून घ्यावी, असा न्यायालयाचा सूर होता. म्हणजे देणाऱ्यानं हो म्हणावं, न देणाऱ्याला गप्प राहू द्यावं.

तरी एप्रिल २०२० मध्ये केंद्राच्या महसूल विभागाचं पत्रक निघालं : मार्च २०२१ पर्यंत दर महिन्याला एक दिवसाचा पगार पीएम केअर्सला, हरकत असल्यास लेखी कळवावं. पुन्हा तोच साचा.

खासगी कारखान्यातल्यांसाठी : १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीसाठी पगारातून कपात करायची तरी कामगाराची लेखी मंजुरी लागत असे. सूचनाफलकावर कागद चिकटवला म्हणजे मंजुरी झाली असं नाही.

फौंड्री कामगार, शिरोळ तालुका

वकीलसाहेब, आमच्यात फलकावर कागदबी नव्हता. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या घरात छातीएवढं पाणी. जनावरं घिऊन आम्ही पाव्हण्यांच्यात. कारखाना बंद, ते दिवस बिनपगारी. पाणी उतरल्यावर घर धुवून कामावर गेलो, तर पगाराच्या चिठ्ठीत एक दिवसाची कपात, ‘पूरग्रस्त निधी’. आता पूरग्रस्त म्हंजे कोण? मीच की! ठेकेदाराला विचारलं तर म्हणतोय, कंपनीनं सगळ्यांचीच कापलीय, तुझं येगळं काय करू. म्हैनाभरानं गेटवर पूरग्रस्त कामगारांना किट वाटली. तांदूळ, तेल, चादर. मालकासंगट फोटोत मी हाय, पैल्या रांगेत. लई हसतोय त्यात.

आयटी, हिंजवडी

आमच्याकडे सगळं गोड भाषेत चालतं. वर्षातून एकदा ‘गिव्हिंग वीक’ येतो. पोर्टल उघडलं की दरमहा ठरावीक रकमेच्या चौकोनात आधीच टिक केलेली असते, नको असेल तर आपण काढायची. (शासकीय पत्रक आणि आमचं पोर्टल यांची आई एकच दिसते.) मग डॅशबोर्ड : कुठल्या टीमचा सहभाग किती टक्के. आमची टीम लहान, त्यामुळे एकानं नाही म्हटलं की टक्का धाडकन पडतो आणि तो एक कोण हे सगळ्यांना कळतं. मॅनेजर रागवत नाही, ‘सहज आठवण केली’ म्हणून स्माइली पाठवतो. अप्रेझल त्याच तिमाहीत असतं.

दोन गोष्टी लोकांना माहीत असाव्यात. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावतं. तो खर्च कंपनीच्या नफ्यातून व्हायचा असतो, कर्मचाऱ्याच्या पगारातून गेलेला पैसा त्यात धरायचा नसतो. आमच्या वार्षिक पोस्टरवर मात्र दोन्ही मिळून एकच मोठा आकडा झळकतो, आणि त्यात आपला वाटा किती ते एचआरही सांगत नाही. दुसरं, ‘टॅक्स वाचेल’ हे आमिष. नव्या करप्रणालीत असाल तर ८०जीची, म्हणजे देणगीवरची वजावट मिळतच नाही, आणि आता न सांगता आपण नव्या प्रणालीतच मोजले जातो.

धागाकर्ती : कर वाचत नसला तरी द्यायचं त्यानं द्यावं. पण आमिष दाखवायचं तर खरं तरी दाखवा.

अनुदानित शाळा, गाव नको

पगार शालार्थमधून, म्हणजे शाळांच्या सरकारी पगार प्रणालीतून पूर्ण जमा होतो, तिथे बोट ठेवायला जागा नाही. नंतर संस्थेच्या ‘इमारत निधी’साठी रोख नेऊन द्यायचे. किती ते सेवाज्येष्ठतेवर ठरलेलं आहे. पावती मागितली तर लेखनिक म्हणाला, २,००० च्या वरच्या रोख देणगीला ८०जी लागू नाही, मग पावती घेऊन करणार काय? नियम बरोबर सांगितला त्यानं! अजून लिहीन, पण आज नाही.

एडिसन, न्यू जर्सी

इथल्या कंपनीत प्रतिज्ञापत्रक मिळायचं : दर पगारातून किती कापायचे ते भरून द्या. काहीच द्यायचं नसेल तरी शून्य लिहून, सही करून मॅनेजरच्या हातात द्यायचं. ‘गेल्या वर्षी आपण शंभर टक्के होतो’ हे आधी ऐकवून. व्हिसा कंपनीच्या हातात असताना शून्य लिहायची हिंमत कोण करतं?

माझी मैत्रीण इथल्याच केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. तिच्याकडेही १९६१ पासून पगारातून देणगीची मोठी मोहीम चालते, पण नियम कडक. वरिष्ठानं हाताखालच्याकडे मागायचं नाही, दिलेत का असं विचारायचंही नाही. शंभर टक्क्यांचं लक्ष्य ठेवायचं नाही. न देणाऱ्यांची यादी करायची नाही. नियम वाचला की कळतं, आधी नेमकं काय काय होत असणार.

शाखाधिकारी, सहकारी बँक

मी साहेब आहे. वरून मलाही फोन येतो, ‘तुमच्या शाखेचे किती?’ मी आकडा सांगतो, नावं सांगत नाही. देणगीची पेटी मी कॅश काउंटरच्या मागे ठेवतो, तिथे कॅमेरा असतो पण तो रोकडीकडे वळलेला. एकदा पेटीत फार कमी निघाले. फरक मी भरला आणि प्रश्न मिटला, पण खरं सांगायचं तर तीही सक्तीच झाली, फक्त माझ्यावर.

एसटी वाहक, विदर्भ

माझं मत थोडं वेगळं आहे बाप्पा. कापून घेतात तेच बरं. हातात आल्यावर माझ्याच्यानं कुणाला दिल्या जात नाही, पोरीची फी पुढे उभी राहते. फक्त कापायच्या आधी विचारा, अन् कुठे गेले ते नंतर सांगा. आजवर कुणी सांगितलं नाही.

परिचारिका, सरकारी रुग्णालय

मी एकदा लेखी नाही म्हटलं. मी एका अनाथाश्रमाला दरमहा देते, तेवढंच जमतं, असं दोन ओळींत. काहीच झालं नाही. ना बोलणी, ना बदली. फक्त मेट्रन सगळ्यांसमोर ‘सिस्टरांचं दान वेगळं असतं’ असं म्हणायच्या, आणि तीन मैत्रिणी मला हळूच येऊन विचारून गेल्या की अर्जाचा मजकूर काय होता. त्यांना तो पाठवला. दोघींनी दिला.

गिरगावातला जुना मनुष्य

तुम्ही पगाराचं बोलताय, आमच्या वेळी चॅरिटी शोची तिकिटं असत. साहेबांच्या सौभाग्यवती महिला मंडळाच्या अध्यक्षा. तिकिटांचं पुस्तक आमच्या सेक्शनला यायचं, दर माणशी दोन, संपवल्याशिवाय परत नाही. सगळी तिकिटं खपली म्हणून नाट्यगृहाबाहेर ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड लागला. मी आणि बायको आत गेलो तर आमच्या रांगेत आम्ही दोघंच, आणि पुढच्या रांगेत साहेब आणि अध्यक्षा. मध्यंतरात साहेबांनी वळून विचारलं, ‘बाकीचे कुठे आहेत?’ मी म्हटलं, येतीलच.